पट्टीसाठी लागलेली रांग: सोलापूरच्या कांदा बाजारातल्या एका टेबलावरचे इंडेक्स

सोलापूरच्या बाजार समितीत कांद्याचा जोर डिसेंबर-जानेवारीत असतो. मोहोळ, बार्शी, अक्कलकोट, मंगळवेढ्याबरोबर धाराशिवकडून आणि सीमेपलीकडच्या विजयपूर-कलबुर्गीकडूनही गाड्या येतात. लिलाव झाला, वजन झालं, की शेतकऱ्याला हवी असते पट्टी. गोण्या किती, वजन किती, भाव काय लागला, हमाली-तोलाई आणि आधीची उचल वजा जाता हातात काय पडणार, हे सगळं त्या एका कागदावर असतं. तो कागद पडद्यावर यायला उशीर लागला की काउंटरपुढे रांग वाढते आणि रात्रभर गाडीत बसून आलेल्या माणसाला "थांबा की मामा, चाक फिरायलंय अजून" एवढंच ऐकावं लागतं.

तो उशीर डेटाबेसमध्ये कुठं होतो आणि इंडेक्सने (ओळ चटकन सापडावी म्हणून टेबलाबाहेर ठेवलेल्या क्रमवार सूचीने) कसा टळतो, त्याचं हे प्रकरण नमुन्यादाखल बांधलेलं आहे. पेढ्या अनामिक आहेत, आकडे गोल केलेले आहेत. डेटाबेस पोस्टग्रेस, आवृत्ती १६, आणि त्याचं वागणं मात्र जसं आहे तसंच दिलं आहे. सेकंद यंत्रागणिक बदलतात, म्हणून इथं वेळेऐवजी वाचलेली पानं मोजली आहेत. पोस्टग्रेस डिस्कवरून ८ किलोबाइटच्या पानांत वाचतं, आणि किती पानं वाचावी लागली हे कुठल्याही यंत्रावर पडताळता येतं. आज्ञांमधले शब्द इथं देवनागरीत छापले आहेत, यंत्रावर ते रोमन लिपीतच द्यायचे.

मांडणी

तीस आडत पेढ्यांचा हिशोब एकाच डेटाबेसमध्ये आहे. पेढीमागे रोज सरासरी २०० वक्कल (लिलावाला लावलेला एकेक लॉट), वर्षाला २५० कामाचे दिवस आणि चार वर्षं धरली की आवक या टेबलात ६० लाख ओळी होतात. सरासरी ओळ १३० बाइटच्या आसपास, म्हणून एका पानावर साधारण ६० ओळी बसतात. सगळं टेबल मिळून १ लाख पानं, म्हणजे जवळपास ७८० मेगाबाइट. हंगामात एका पेढीवर दिवसाला ६०० वक्कल पडतात, तीसही पेढ्यांचे मिळून १८,०००.

कॉलम असे: आवक_क्र (प्रायमरी की, म्हणजे ओळीची एकमेव ओळख), पेढी_क्र, शेतकरी_क्र, आवक_वेळ, गोण्या, वजन, भाव, वाहन_क्र, पट्टी_क्र, भरणा_वेळ. शेतकरी_क्र हा ४८,००० ओळींच्या शेतकरी टेबलाकडे जाणारा फॉरेन की आहे.

सुरुवातीला टेबलावर एकच इंडेक्स होता, प्रायमरी कीचा. फॉरेन की जाहीर केली म्हणजे तिचा इंडेक्सही आपोआप होतो, अशी मूळ मांडणी करणाऱ्याची समजूत दिसते. पोस्टग्रेसमध्ये तसं होत नाही. प्रायमरी की आणि युनिक यांचे इंडेक्स आपोआप होतात, फॉरेन कीच्या संदर्भ घेणाऱ्या बाजूचा, म्हणजे इथं आवक टेबलातला, आपल्याला करावा लागतो. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसचं इनोडीबी हे साठवणीचं इंजिन तो स्वतः करतं, आणि तिथून आलेल्यांची नेमकी इथंच फसगत होते.

भर दुपारी केलेला उपाय

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तक्रारी वाढल्या, तेव्हा देखभाल करणाऱ्याने दुपारी १२ वाजता प्रायमरी की सोडून उरलेल्या नऊही कॉलमांवर एकेक इंडेक्स करायला घेतला, साध्या क्रिएट इंडेक्स आज्ञेने. ही आज्ञा टेबलावर शेअर प्रकारचं कुलूप लावते. वाचणं चालू राहतं, पण नवी ओळ घालणं, बदलणं, काढणं हे सारं इंडेक्स पुरा होईपर्यंत थांबतं. पट्ट्या जशा हळू निघत होत्या तशाच निघत राहिल्या, वर काट्यावरच्या वजनाच्या नोंदी अडकल्या. काटा मोकळा होईना म्हणून गाड्या हलेनात, आणि रांग काउंटरवरून आवारात गेली.

नऊही इंडेक्स पुरे झाल्यावर पट्टी तरी लवकर यायला हवी होती. आली नाही. नव्या नोंदी मात्र जड झाल्या, कारण प्रत्येक नव्या वक्कलामागे आता टेबलातली एक ओळ आणि दहा इंडेक्सांतल्या दहा नोंदी लिहाव्या लागत होत्या. आवक_वेळसारखा चढता कॉलम असेल तर नवी नोंद इंडेक्सच्या उजव्या टोकाला पडते आणि तेच ते पान मेमरीत राहतं. वाहन_क्र, वजन, भाव यांच्या नोंदी इंडेक्सभर कुठंही पडतात. दर नोंदीला वेगळं पान मळतं, आणि चेकपॉइंटनंतर (मळलेली पानं डिस्कवर उतरवण्याच्या टप्प्यानंतर) पहिल्यांदा मळलेलं प्रत्येक पान डब्ल्यूएएल या बदलांच्या रोजकीर्दीत अख्खं लिहिलं जातं.

चूक इंडेक्स केल्याची नव्हती. टेबलाचे कॉलम बघून इंडेक्स ठरवले, ही चूक होती. इंडेक्स ठरवायचा तो क्वेरी बघून: टेबलाला कोणते प्रश्न विचारले जातात, कोणत्या शब्दांत, आणि दिवसातून किती वेळा.

प्रश्न कोणते ते आधी

पीजी_स्टॅट_स्टेटमेंट्स हे चाललेल्या क्वेरींची नोंद ठेवणारं एक्स्टेंशन चालू करून एका कामाच्या दिवसाची यादी काढली, एकूण खर्च झालेल्या वेळेच्या उतरत्या क्रमाने. हा क्रम महत्त्वाचा आहे. सरासरी वेळेवर लावली तर महिन्यातून एकदा चालणारा ताळेबंद वर येतो आणि दिवसातून हजारदा चालणारी पट्टी खाली दडते. वरचे तीन प्रश्न हे निघाले: पेढीची आजची आवक, एका शेतकऱ्याचं खातं, आणि पेढीच्या भरणा बाकी असलेल्या पट्ट्या.

पहिल्याचा प्लॅन, म्हणजे ओळी शोधायला पोस्टग्रेसने धरलेली वाट, एक्सप्लेन ॲनालाइझ बफर्स लावून काढला. वाचायला सोपं जावं म्हणून पॅरलल काम बंद ठेवलं.

सिक स्कॅन ऑन आवक
फिल्टर: पेढी_क्र = १७ अँड डेट(आवक_वेळ) = '२०२५-०१-०८'
रोज रिमूव्ह्ड बाय फिल्टर: ५९९९४००
बफर्स: शेअर्ड हिट=१२००० रीड=८८०००

सिक स्कॅन म्हणजे टेबल पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचणं. बफर्समधलं हिट म्हणजे मेमरीत सापडलेली पानं, रीड म्हणजे बाहेरून आणावी लागलेली. हव्या होत्या ६०० ओळी. त्यासाठी लाख पानं वाचली आणि ५९ लाख ९९ हजार ४०० ओळी टाकून दिल्या. आवक_वेळवर इंडेक्स आधीच झाला होता, तरीही हे झालं.

कारण दुसऱ्या ओळीत आहे. कॉलमला डेट हे फंक्शन गुंडाळलं आहे. इंडेक्समध्ये आवक_वेळ क्रमाने लावलेली आहे, डेट(आवक_वेळ) नाही, आणि फंक्शनच्या आत काय चालतं हे प्लॅनरला (वाट ठरवणाऱ्या भागाला) ठाऊक नसतं. मग डेट(आवक_वेळ) वरच इंडेक्स करू म्हटलं तर आवक_वेळ टाइमझोनसहितचा टाइमस्टॅम्प असल्यामुळे पोस्टग्रेस नकार देतं: इंडेक्समधलं फंक्शन इम्युटेबल, म्हणजे त्याच मूल्याला नेहमी तेच उत्तर देणारं, असायला हवं. नकार रास्त आहे. सेशनचा (डेटाबेसशी केलेल्या एका जोडणीचा) टाइमझोन बदलला की त्याच क्षणाची तारीख बदलू शकते, आणि असं घसरतं मूल्य इंडेक्समध्ये ठेवता येत नाही. उपाय क्वेरीतच आहे, कॉलम मोकळा सोडायचा:

व्हेअर पेढी_क्र = १७
अँड आवक_वेळ >= '२०२५-०१-०८'
अँड आवक_वेळ < '२०२५-०१-०९'

शेवटी बिटवीन वापरू नये. त्यात दोन्ही टोकं धरली जातात आणि दुसऱ्या दिवशीची बरोबर मध्यरात्रीची नोंद आजच्या यादीत येते.

दोन कॉलम, आणि त्यांचा क्रम

पेढी_क्रचा एकटा इंडेक्सही पडून होता, आणि त्यात प्लॅनरचा दोष नाही. पेढ्या तीस, पानावर ओळी ६०, म्हणजे पानागणिक त्या पेढीच्या सरासरी दोन ओळी. ओळी सगळ्या पेढ्यांच्या मिसळून पडलेल्या असतात, त्यामुळे शंभरातल्या ८७ पानांवर १७ नंबरच्या पेढीची एक तरी ओळ असतेच. इंडेक्स धरून गेलं तरी ८७,००० पानं वाचायचीच आहेत. त्यापेक्षा लाखच्या लाख ओळीने वाचणं स्वस्त. निवडक नसलेल्या कॉलमावर इंडेक्स करू नये असं सगळे सांगतात. त्यामागचं गणित हे असं पानांवर मांडलं की आपल्या टेबलापुरतं उत्तर आपल्यालाच काढता येतं.

म्हणून दोन्ही कॉलमांचा मिळून जोडइंडेक्स (कन्करंटली कशासाठी, ते पुढे):

क्रिएट इंडेक्स कन्करंटली आवक_पेढी_वेळ ऑन आवक (पेढी_क्र, आवक_वेळ);

यातली एक नोंद २८ बाइटची पडते: ८ बाइटचं शीर्ष, जागा जुळवून १६ बाइटची मूल्यं, आणि पानावरचा ४ बाइटचा निर्देशक. पान ९० टक्के भरायचा बी-ट्रीचा (इंडेक्स ज्या झाडासारख्या रचनेत ठेवतात तिचा) रिवाज धरला तर एका पानावर २६० च्या वर नोंदी बसतात. पानं सुमारे २२,९००, म्हणजे १८० मेगाबाइट, आणि झाडाचे मजले तीन. आजच्या ६०० नोंदींसाठी वरचे दोन मजले आणि तळाची तीन-चार पानं पुरतात. मग टेबलाची पानं: एका दिवसाच्या १८,००० ओळी लागोपाठ ३०० पानांवर पडलेल्या असतात, म्हणून जास्तीत जास्त ३००. सगळं मिळून तीनशे-सव्वातीनशे पानं. आधी लाख होती.

आता क्रम उलटा करून बघू: (आवक_वेळ, पेढी_क्र). दिवसाच्या यादीला तळाची तीन-चार पानं लागत होती तिथं ६९ लागतील, कारण त्या दिवसाच्या अठराही हजार नोंदी ओलांडत जावं लागतं. एवढं खपून जातं. पण महिन्याचा अहवाल मागितला की २५ दिवसांच्या साडेचार लाख नोंदी, म्हणजे इंडेक्सची १,७०० वर पानं, जिथं सरळ क्रमात ६० सुद्धा लागत नाहीत. बरोबरीची अट ज्या कॉलमावर आहे तो आधी, पल्ल्याची (पासून-पर्यंतची) अट ज्यावर आहे तो नंतर. वर्गातल्या हजेरीपटात आधी तुकडी काढतो, मग त्यात हजेरी क्रमांक शोधतो, तसंच हे.

पुढचा कॉलम सोडून मागच्यावर शोधण्यासाठी पोस्टग्रेस १८ मध्ये स्किप स्कॅन आला आहे. पुढच्या कॉलमात वेगळी मूल्यं मोजकी असतील तिथं तो चांगला चालतो. तेवढ्यावर विसंबून क्रम कसाही ठेवू नये.

शेतकऱ्याचं खातं

दुसरा प्रश्न एका शेतकऱ्याच्या शेवटच्या २० आवकींचा. त्यासाठी (शेतकरी_क्र, आवक_वेळ). आधी नवीन हवं म्हणून इंडेक्समध्ये उतरता क्रम देण्याची गरज नाही, बी-ट्री मागून पुढेही तितक्याच सहज वाचता येतो. इंडेक्सची तीन-चार पानं आणि विखुरलेल्या ओळींची फार तर वीस. वेगळं सॉर्टिंगही होत नाही, कारण नोंदी आधीच क्रमात आहेत आणि वीस झाल्या की काम थांबतं. याच इंडेक्सने फॉरेन कीचीही सोय झाली. दोनदा नोंदलेला शेतकरी एकत्र करताना जादा ओळ काढली की पोस्टग्रेस आवकमध्ये तिचा कुठं उल्लेख उरला आहे का ते बघतं, आणि इंडेक्स नसेल तर त्या एका ओळीसाठी अख्खं टेबल वाचतं.

शेतकरी सापडतो तो मोबाईल नंबरावरून. मोबाईल हा कॉलम मजकुराचा, प्रोग्राम मात्र संख्या पाठवत होता. पोस्टग्रेसने मजकूर आणि संख्या यांची तुलना नाकारली, म्हणून कोणीतरी क्वेरीत कॉलमलाच संख्येत बदलून घेतलं होतं, आणि तिथला इंडेक्स बाद झाला होता. मायएसक्यूएलमध्ये हीच चूक निमूट चालून जाते, म्हणून तिथं ती सापडायला जास्त वेळ लागतो. बदल प्रोग्राममध्ये केला: नंबर मजकूर म्हणूनच पाठवायचा.

नावाच्या शोधात अपर(नाव) लाईक '%शिंदे%' असं होतं. देवनागरीत लहान-मोठी लिपी नाही, तेव्हा अपर तिथं काहीच करत नाही, फक्त इंडेक्सच्या आड येतं. ते काढलं. पुढची टक्क्याची खूण मात्र ठेवली, कारण आडनाव नावाच्या शेवटी असतं. सुरुवातीची अक्षरं माहीत नसतील तर बी-ट्रीचा उपयोग होत नाही, आणि इथं वेगळा इंडेक्स करण्याचंही कारण नाही. ४८,००० ओळींचं टेबल मेमरीत मावतं, ते सरळ वाचलं तरी चालतं. खरी अडचण होती ती कुऱ्हाडे, गोऱ्हे अशा नावांत. ऱ्ह दोन तऱ्हांनी टाइप होतो, एकदा नुक्त्याच्या ऱ ने आणि एकदा र, हलन्त आणि अदृश्य जोडणारं चिन्ह वापरून. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, डेटाबेसला ती दोन वेगळी नावं असतात. कुठलाही इंडेक्स हे जुळवून देणार नाही. नोंद करतानाच एक रूप पक्कं करावं लागतं, आणि जुन्या नोंदी एकदा बदलून घ्याव्या लागतात.

बाकी पट्ट्या

तिसऱ्या प्रश्नात गंमत अशी, की ६० लाखांतल्या फार तर ९,००० ओळींचा भरणा कोणत्याही दिवशी बाकी असतो. अख्ख्या टेबलाच्या इंडेक्सची गरज नाही, बाकीपुरताच पुरे:

क्रिएट इंडेक्स कन्करंटली आवक_बाकी ऑन आवक (पेढी_क्र, शेतकरी_क्र) व्हेअर भरणा_वेळ इज नल;

नऊ हजार नोंदींना पानं २५ लागतात, म्हणजे २०० किलोबाइट. पैसे दिले की नोंद या इंडेक्सच्या हिशोबातून बाहेर पडते. अशा अंशतः इंडेक्सची अट एकच: तीच अट क्वेरीतही सरळ लिहिलेली हवी. अट पॅरामीटरमधून पाठवली आणि प्लॅन सर्व मूल्यांसाठी एकच ठरलेला असेल, तर हा इंडेक्स वापरणं बिनधोक आहे असं प्लॅनरला म्हणता येत नाही.

याची किंमतही आहे. इंडेक्सात नसलेले कॉलम बदलले आणि त्याच पानावर जागा असली, तर पोस्टग्रेस इंडेक्सांना हात न लावता ओळ बदलतं, ज्याला हॉट अपडेट म्हणतात. भरणा_वेळ आता इंडेक्सच्या अटीत आली, त्यामुळे भरण्याची नोंद झाली की हा सोडून बाकी सगळ्या इंडेक्सांत नवी नोंद पडते. ओळ आयुष्यात एकदाच भरली जाते, म्हणून हे परवडतं. दर मिनिटाला बदलणाऱ्या कॉलमावर मात्र असा इंडेक्स करताना दहादा विचार करावा.

मेलेल्या ओळी (बदलल्या-काढल्यावर मागे उरलेल्या जुन्या) साफ करणारा ऑटोव्हॅक्यूम मूळ मापांवर ठेवला तर टेबलाच्या २० टक्के, म्हणजे १२ लाख ओळी मेल्याशिवाय किंवा तितक्याच नव्या पडल्याशिवाय तो इथं फिरकत नाही. आकडेवारी ताजी करणारं ॲनालाइझ १० टक्क्यांवर, म्हणजे ६ लाख बदलांवर. हंगामात रोज १८,००० नव्या ओळी आणि तितकेच भरणे धरले तरी ६ लाखांना सतरा दिवस लागतात, तोवर प्लॅनर जुन्या अंदाजांवर चालतो. या एका टेबलापुरती दोन्ही मापं ०.०१ केली.

करण्याची रात्र

काम रात्री ११ नंतर, कन्करंटली लावून. ही पद्धत टेबल दोनदा वाचते, वेळ जास्त घेते, पण लिहिणं थांबवत नाही. ट्रान्झॅक्शनच्या (सगळे बदल एकत्र पक्के किंवा एकत्र रद्द होणाऱ्या गठ्ठ्याच्या) आत ती चालत नाही, त्यामुळे मायग्रेशनचं (डेटाबेसच्या मांडणीत बदल करणारं) साधन प्रत्येक पायरी ट्रान्झॅक्शनमध्ये गुंडाळत असेल तर तेवढ्या पायरीपुरतं ते बंद करावं. एका टेबलावर अशी दोन कामं एका वेळी होत नाहीत, दुसरं पहिल्यासाठी थांबून राहतं. सेशनपुरतं मेंटेनन्स_वर्क_मेम (इंडेक्स बांधायला मिळणारी मेमरी) मूळच्या ६४ मेगाबाइटवरून ५१२ केलं.

पहिलाच इंडेक्स अडकला. पीजी_स्टॅट_प्रोग्रेस_क्रिएट_इंडेक्समध्ये जुन्या ट्रान्झॅक्शनची वाट बघत असल्याचं दिसलं, आणि पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटीत संध्याकाळी पावणेसातपासून आयडल इन ट्रान्झॅक्शन, म्हणजे ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून नुसतं बसलेलं, एक सेशन. कुणीतरी पट्टी उघडी ठेवून घरी गेलं होतं. घाईत इंडेक्सचं काम रद्द केलं तेव्हा मागे इनव्हॅलिड इंडेक्स उरला. असा इंडेक्स शोधाला उपयोगी पडत नाही, पण दर नोंदीला लिहिला मात्र जातो, म्हणजे खर्च सगळा आणि उत्पन्न शून्य. त्याच नावाने पुन्हा करायला गेलं तर नाव घेतलेलं आहे असं कळतं, आणि आज्ञेत इफ नॉट एग्झिस्ट्स असेल तर ती फक्त एक सूचना देऊन सोडून देते. वाईट इंडेक्स तसाच राहतो. पीजी_इंडेक्समध्ये इंडइझव्हॅलिड खोटं असलेल्या ओळी बघितल्या, तो इंडेक्स काढला, अडलेलं सेशन संपवलं, आणि पुन्हा सुरुवात केली. आयडल_इन_ट्रान्झॅक्शन_सेशन_टाइमआउट दहा मिनिटांवर लावला तो कायमचा.

दुपारच्या नऊंपैकी आठ ड्रॉप इंडेक्स कन्करंटलीने काढले, एकेक करून. पेढी_क्र आणि शेतकरी_क्र यांचे एकटे इंडेक्स जोडइंडेक्सांत सामावले होते, भरणा_वेळचं काम आवक_बाकी या इंडेक्सने घेतलं. आवक_वेळ, गोण्या, वजन, भाव, वाहन_क्र यांच्या इंडेक्सांना पीजी_स्टॅट_यूजर_इंडेक्सेसमध्ये आयडीएक्स_स्कॅन (इंडेक्स किती वेळा वापरला तो आकडा) शून्य होता. एका दिवसाचं शून्य पुरावा म्हणून अपुरं असतं, वर्षअखेरचा एखादा अहवाल तोच इंडेक्स मागू शकतो. म्हणून प्रत्येकाची क्रिएट आज्ञा काढण्याआधी लिहून ठेवली. पट्टी_क्रचा राहिला, कारण पट्टीची दुसरी प्रत मागायला रोज माणसं येतात.

गाडीच्या नंबरावरून आवक शोधायची मागणी वर्षातून दोन-चार वेळा येते, वाद झाला तर. तिला इंडेक्स दिलेला नाही. त्या दिवशी लाख पानं वाचली जातील, संध्याकाळी आवार रिकामं झाल्यावर.